प्रमाणपत्र नेमके कशाचे?

‘व्हीपीएनमेंटॉर’च्या सुरक्षा संशोधकांना २०२० च्या एप्रिलअखेर अ‍ॅमेझॉनच्या क्लाऊडवर एक उघडी ‘बकेट’ सापडली. बकेट म्हणजे फायली साठवण्याची जागा. तिला ना कुलूप होते, ना पहारा. आत आधार कार्डांच्या प्रती, जातीचे दाखले, रहिवासाचे पुरावे, पॅन कार्डे, पदव्यांची प्रमाणपत्रे असे बरेच काही होते. संशोधकांच्या अहवालानुसार नोंदींची संख्या ७० लाखांच्या वर होती. व्यापाऱ्यांना आणि ग्राहकांना ‘भीम’ अ‍ॅपकडे वळवण्यासाठी नागरी सेवा केंद्रांमार्फत जी मोहीम चालली होती, तिच्यात जमा झालेले हे कागद होते. मे महिन्याच्या उत्तरार्धात ती बकेट बंद झाली. त्यानंतर राष्ट्रीय देयक महामंडळाने खुलासा केला की, भीम अ‍ॅपमधील माहितीला कोणताही धक्का लागलेला नाही.

या खुलाशावर तेव्हा बरीच टीका झाली. पण तो शब्दशः खरा मानला, तर प्रश्न अधिकच गंभीर होतो. अ‍ॅप सुरक्षित असू शकते आणि त्याच अ‍ॅपच्या नावाने गोळा केलेले कागद जगासमोर उघडे पडलेले असू शकतात. अ‍ॅपची सुरक्षा चाचणी घेतली असती, तर ते बहुधा उत्तीर्णच झाले असते, कारण ती बकेट अ‍ॅपचा भाग नव्हती. चाचणीच्या कागदावर ‘व्याप्ती’ या शीर्षकाखाली जे लिहिले जाते, त्यात ती बसलीच नसती.

‘पेनिट्रेशन टेस्ट’ म्हणजे मालकाच्या संमतीने केलेला हल्ला. प्रशिक्षित माणसे ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या मर्यादेत यंत्रणा भेदण्याचा प्रयत्न करतात आणि कुठून आत शिरता आले, याचा अहवाल देतात. आपल्याकडे या विषयावरची चर्चा चाचणी झाली की नाही, एवढ्यावरच थांबते. खरा निर्णय त्याआधी झालेला असतो. काय तपासायचे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय तपासायचे नाही, हे ज्या दोन-तीन पानांत लिहिलेले असते, तीच पाने निकाल ठरवतात. क्लाऊडमध्ये तर हे अधिकच खरे आहे.

संगणक जेव्हा खात्याच्या तळघरात होते, तेव्हा ही सीमा आखणे सोपे होते. इतकी यंत्रे, इतके आयपी पत्ते, इतकी संकेतस्थळे. क्लाऊडमध्ये यंत्रे सकाळी जन्मतात आणि संध्याकाळी नाहीशी होतात. पत्ते बदलत राहतात. तिथली खरी सीमा परवान्यांची असते: कोणत्या प्रोग्रामला काय वाचण्याची आणि काय बदलण्याची मुभा आहे, यावर सारे अवलंबून. २०१९ मध्ये अमेरिकेतील ‘कॅपिटल वन’ बँकेच्या प्रकरणात हे उघड झाले. वेब अ‍ॅप्लिकेशनच्या संरक्षणासाठी बसवलेल्या फायरवॉलच्या मांडणीत चूक होती. तिच्याकडूनच क्लाऊडच्या अंतर्गत मेटाडेटा सेवेला विचारणा करवून हल्लेखोराने तात्पुरत्या किल्ल्या मिळवल्या. पुढचे नुकसान मात्र दुसऱ्या दोषामुळे झाले. त्या फायरवॉलला दिलेल्या परवान्याने ७०० हून अधिक बकेट आणि फोल्डर वाचता येत होते. एका पहारेकऱ्याला साऱ्या तिजोऱ्या उघडण्याचा अधिकार कशाला हवा होता? अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती गेली. पुढल्या वर्षी बँकेला नियामकाने ८ कोटी डॉलरचा दंड केला. केवळ संकेतस्थळाचा पत्ता हाती देऊन बाहेरून केलेल्या चाचणीत पहिला दोष सापडलाही असता; दुसरा पाहण्यासाठी परवान्यांची यादी आतून वाचावी लागते.

आपल्या सरकारी निविदांत नेमकी हीच सोय बहुधा नसते. कामाचे मोजमाप अ‍ॅप्लिकेशनच्या पानांवर किंवा आयपी पत्त्यांच्या संख्येवर होते आणि काम सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला जाते. क्लाऊडच्या खात्यात केवळ वाचण्यापुरता प्रवेश द्या, अशी मागणी चाचणी करणाऱ्याने केली की खाते कंत्राटदाराकडे बोट दाखवते आणि कंत्राटदार त्याच्या कंत्राटदाराकडे. कारण क्लाऊडचे मुख्य खाते पुष्कळदा त्या खात्याच्या हाती नसतेच. ते सेवा चालवणाऱ्या मधल्या कंपनीच्या नावावर असते. (मराठीत ‘खाते’ हा एकच शब्द दोन्हींसाठी आहे, हा योगायोग इथे फारच बोलका.)

मग परवानगी द्यायची कोणी? हा प्रश्न तात्त्विक नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ संगणकाच्या ‘मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या’ परवानगीविना केलेल्या प्रवेशासाठी भरपाईचे दायित्व लादते. तोच प्रवेश अप्रामाणिक हेतूने झाला, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास आहे. क्लाऊडमध्ये यंत्र सेवापुरवठादाराचे, खाते मधल्या कंपनीचे, माहिती विभागाची आणि विभागाकडे ती आली नागरिकांकडून. यातला मालक कोण? अमेरिकेतील आयोवा राज्यात सप्टेंबर २०१९ मध्ये दोन चाचणीतज्ज्ञांना रात्री न्यायालयाच्या इमारतीत अटक झाली. राज्याच्या न्यायव्यवस्थेने त्यांना इमारतीची सुरक्षा तपासण्याचे कंत्राट दिले होते, पत्रही त्यांच्या खिशात होते. पण इमारत होती काउंटीची आणि काउंटीच्या शेरीफला यातले काही ठाऊक नव्हते. आरोप मागे घ्यायला पुढच्या वर्षाचा जानेवारी उजाडला. ते प्रकरण विटा-दरवाजांचे होते, क्लाऊडचे नव्हे. पण ज्याच्याकडे अधिकार नाही त्याने दिलेली परवानगी किती तोकडी पडते, हे त्यातून कळते. अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट व गूगल या तिन्ही मोठ्या पुरवठादारांनी आता ग्राहकाला स्वतःच्या साधनांची चाचणी बहुतांशी पूर्वपरवानगीशिवाय करू दिली आहे. त्यांच्या नियमावल्या मात्र आहेत. सेवा बंद पाडणारे हल्ले वर्ज्य आहेत आणि दुसऱ्या ग्राहकाच्या हद्दीत पाऊल टाकणेही वर्ज्य. चाचणीच्या आराखड्यात हे सारे आधीच उतरवावे लागते आणि परवानगीच्या साखळीतील प्रत्येकाची सही घ्यावी लागते.

आपल्याकडे नियमांचा तुटवडा आहे, असे म्हणता येणार नाही. ‘सर्ट-इन’ने एप्रिल २०२२ मध्ये सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे आणि नोंदी १८० दिवस जपण्याचे बंधन घातले. जुलै २०२५ मधील तिच्या मार्गदर्शक तत्त्वांनी वर्षातून किमान एकदा सुरक्षा लेखापरीक्षण अपेक्षित धरले. बाहेरून सेवा घेतल्याने बँकेची जबाबदारी कमी होत नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२३ च्या निर्देशांत आहे. सर्वांत नेमके शब्द ‘सेबी’चे आहेत. मार्च २०२३ च्या क्लाऊडविषयक चौकटीत तिने बजावले की, नियंत्रित संस्था, क्लाऊड पुरवठादार आणि मधली कंपनी यांच्या जबाबदाऱ्या स्पष्टपणे वाटून द्याव्यात आणि कोणत्याही कामाची ‘संयुक्त’ मालकी असू नये. क्लाऊड कंपन्यांच्या विक्रीपत्रकांत ‘सामायिक जबाबदारी’ हा शब्दप्रयोग ज्या सहजतेने वावरतो, त्याला दिलेले हे चोख उत्तर होते. शेअर बाजारासाठी जे योग्य, ते शिधापत्रिका आणि निवृत्तिवेतनासाठी का नसावे?

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. पुरवठादाराची केंद्रे सरकारी तपासणीतून उत्तीर्ण झालेली असतात, म्हणून तिथे ठेवलेली आमची यंत्रणाही सुरक्षित, असे अधिकारी सहज बोलून जातात. बँकेच्या लॉकरची खोली भक्कम असल्याने लॉकरची किल्ली टेबलावर विसरून येण्याचा धोका टळत नाही. उलट बाजूही आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘कॉसमॉस डीबी’ सेवेत असा दोष आढळला की, एका ग्राहकाला इतर हजारो ग्राहकांच्या डेटाबेसच्या किल्ल्या मिळवणे शक्य होते. कोणत्याही ग्राहकाने आपल्या हद्दीत कितीही कसून चाचणी केली असती, तरी त्या दोषावर तो सहसा पोहोचला नसता. तो भाग पुरवठादारानेच तपासून घ्यायचा आणि अहवाल दाखवायचा. एकटे खाते हे मागू शकत नाही. पुरवठादारांची सूची बनवणारे इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालय मागू शकते.

अधिकाऱ्यांचा एक आक्षेप मात्र रास्त आहे. चालू यंत्रणेवर हल्ला करवून घेताना एखाद्या जिल्ह्यातले धान्यवाटप दिवसभर थांबले तर जबाब कोण देणार? म्हणूनच चाचणी ‘प्रतिकृती’वर उरकली जाते. प्रतिकृतीला हरकत नाही. अट एकच, की तिच्यातले परवाने आणि मांडणी मूळ यंत्रणेबरहुकूम असावी, फक्त माहिती काल्पनिक. प्रत्यक्षात प्रतिकृती घाईने उभी केलेली असते आणि तिच्यातले परवाने मुळाशी जुळत नाहीत. मग जे तपासले ते वापरात नसते आणि जे वापरात असते ते तपासलेले नसते. मूळ यंत्रणेला हात लावायचाच, तर वेळ ठरवावी, थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आणि त्याचा दूरध्वनी कोणता हे लिहावे. नागरिकाची नोंद दिसली की एका नोंदीच्या पुराव्यावर थांबावे, पुढे वाचू नये, हेही लिहावे.

आणखी एक गोष्ट व्याप्तीत क्वचितच येते. हल्ला चालू असताना पहाऱ्यावरच्यांना तो कळला का? कॅपिटल वनमधील घुसखोरी मार्चमधली होती. बँकेला ती जुलैमध्ये कळली, तीही बाहेरच्या एका व्यक्तीच्या ईमेलमुळे. सहा तासांचे घड्याळ सुरू होते ते घटना ध्यानात आल्यावर. जिथे ध्यानातच येत नाही, तिथे तो नियम कागदावरच राहतो.

नियामकांनी आता प्रमाणपत्राआधी व्याप्तीचे पत्र मागावे. त्यात काय वगळले, का वगळले आणि वगळण्याचा निर्णय कोणी घेतला, हे जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने असावे. कंत्राटदाराच्या सहीने भागू नये. या कामासाठी सर्वांत कमी बोलीचा निकषही सोडावा. सल्लागार सेवांसाठी गुणवत्ता आणि किंमत एकत्र तोलण्याची मुभा २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतच आहे. चाचणीला किती माणसे, किती दिवस आणि खात्यात कोणता प्रवेश, हे निविदेतच ठरले, तर स्वस्तातल्या स्वस्त बोलीला आपोआप चाप बसेल.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि काम दुसऱ्याकडून करून घेतले म्हणून मूळ संस्थेची सुटका होत नाही. मुख्य बंधने अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. त्या दिवशी जी प्रमाणपत्रे संस्थांच्या हाती असतील, ती त्याआधीच्या लेखापरीक्षणांची असतील. त्या लेखापरीक्षणांच्या निविदांत ‘व्याप्ती’ या शीर्षकाखाली अजूनही बहुधा संकेतस्थळाचा पत्ता आणि पानांची संख्या एवढेच असते.