शहाद्याच्या आकाशाचा प्रकल्प कोण करणार?

फेब्रुवारी संपत आला की कोणत्याही तालुक्याच्या गावात कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एक ठरलेली गर्दी दिसते. मागच्या वर्षीच्या प्रकल्पाचे पहिले पान बदलायचे, नवे नाव, नवा हजेरी क्रमांक टाकायचा, स्पायरल बाइंडिंग करायचे आणि वही जमा करायची. मी बी.एस्सी.ला असताना हेच केले. कबूल करायला लाज वाटते, पण खोटे कशाला बोलू? ज्या सरांनी सही करायची त्यांनी मुखपृष्ठावरचे माझे आडनाव वाचले, आतले एकही पान उलटले नाही आणि म्हणाले, ‘तुम्हाला पास होण्याइतके पुरे आहे.’ त्यातला ‘तुम्हाला’ मला आजही टोचतो. माझी चोरी पकडली असती तरी इतके वाईट वाटले नसते.

संशोधन प्रकल्प ही गोष्ट आपल्या पोरांच्या बाबतीत अशी सही-शिक्क्याची होऊन बसली आहे. म्हणून आज अशा विषयावर लिहितो की जो पाहून काही वाचक म्हणतील, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, वसतिगृहाचे हाल आहेत आणि तुम्ही ताऱ्यांच्या गोष्टी काय सांगता? होय, ताऱ्यांच्याच सांगतो.

शहादा म्हटले की चळवळीतल्या माणसाला १९७२ ची श्रमिक संघटना आठवते, अंबरसिंग महाराज आठवतात, सालदारांच्या मजुरीचा आणि हातून गेलेल्या जमिनींचा लढा आठवतो. मला शहाद्याची आणखी एक मालमत्ता दिसते, जिचा सातबारा कोणाच्याच नावावर नाही. ती म्हणजे तिथली रात्र. उत्तरेला सातपुडा, वर तोरणमाळ. पुण्या-मुंबईच्या दिव्यांत जे तारे बुडून गेले ते इथे नुसत्या डोळ्यांना दिसतात. पण आकाश निरीक्षणाचा अभ्यासक्रम, दुर्बीण, मार्गदर्शक हे सगळे पुण्याकडे! १९८८ साली डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यात ‘आयुका’ उभी राहिली ती देशभरातल्या विद्यापीठांसाठी. जुन्नरजवळ गिरवलीला २००६ पासून तिची दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे. नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. या संस्थांनी दारे बंद ठेवली असे मी म्हणणार नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी तिथे शिबिरे होतात, प्रकल्प दिले जातात. पण त्या शिबिराचा अर्ज शहाद्याच्या वर्गात कोणी वाचून दाखवतो का? अर्जासोबत लागणारे शिफारसपत्र कोणाला मिळते?

आता नवे शैक्षणिक धोरण आले. पदवी चार वर्षांची झाली. चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ अशी वाट ठेवली आणि तिच्या तोंडाशी अट बसवली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तरच १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प घेता येतो. बाकीच्यांनी त्याऐवजी आणखी तीन विषय घोकायचे. म्हणजे ज्याला पोहता येते त्यानेच पाण्यात उतरावे! ज्या मुलाचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा मजुरीसाठी गुजरातेत जातात, जो घरातला पहिलाच कॉलेजात आला, त्याला गुण कमी पडतात हे खरे. पण निरीक्षण करायला, रोज न चुकता नोंद ठेवायला आणि पाहिले तेवढेच लिहायला तो कमी पडेल हे कोणी ठरवले?

खगोलशास्त्राचा इतिहास या अटीच्या विरोधात साक्ष देतो. ययाती तारकासमूहात अल्गॉल नावाचा तारा आहे. तो दर २ दिवस २१ तासांनी मंद होतो आणि काही तासांत पुन्हा उजळतो. ही नियमितता १७८२-८३ साली इंग्लंडात जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या मुलाने शोधली. तो बहिरा होता. दुसरी एखादी मोठी वस्तू या ताऱ्यासमोर येत असेल, असेही त्याने सुचवले, आणि पुढे ते बरोबर ठरले. हा प्रकल्प आजही शहाद्यात नुसत्या डोळ्यांनी होतो. शेजारच्या दोन-चार ताऱ्यांशी तुलना करायची, तारीख-वेळ लिहायची, हिवाळाभर न कंटाळता चालू ठेवायचे. २०१९-२० च्या हिवाळ्यात मृगातला काक्षी हा तांबडा तारा एवढा मंद झाला की शेजारच्या रोहिणीपेक्षा फिका दिसू लागला. जगभरचे शास्त्रज्ञ त्याच्याकडे पाहत होते. त्याच महिन्यांत रात्री पिकाला पाणी भरणाऱ्या किती जणांच्या डोक्यावर तो तारा होता! त्यांच्यापैकी एकाच्याही पोराच्या हातात नोंदवही नव्हती, हे दुःख आहे.

अडचण दुर्बिणीची नाही, रात्रीची आहे. वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी बंद होते, शेवटची एसटी निघून जाते. मुलींचे तर नावच नको. मुलगा रात्री बाहेर दिसला की पोलीस आधी त्याला हटकणार आणि तो भिल्लाचा असेल तर काय होईल हे चळवळीला सांगायला नको. निरीक्षणाला लेखी परवानगी, सोबत शिक्षक आणि परतीचे वाहन याला फार पैसे लागत नाहीत. पण हे मागायचे असते हेच आपल्याला माहीत नाही!

शिवाय दिवसाही काम होते. खोडदच्या दुर्बिणीने केलेल्या आकाश-सर्वेक्षणाच्या प्रतिमा सर्वांना खुल्या आहेत. २०१३ पासून ‘रॅड ॲट होम’ या उपक्रमात देशभरातले पदवीचे विद्यार्थी आणि पदवीधर घरबसल्या अशा प्रतिमा तपासतात. त्यातून सापडलेल्या दीर्घिकांवर आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत शोधनिबंध निघाले आहेत. २०२० साली सुरतच्या दहावीतल्या दोन मुलींनी हवाई बेटावरच्या दुर्बिणीची छायाचित्रे तपासून एक लघुग्रह शोधला. सुरत आपल्या शेजारी आहे. आपली माणसे तिथे मजुरीला जातात.

आता त्या विषयाकडे येतो, ज्याची मला खरी भीती वाटते. ‘भारतीय ज्ञानप्रणाली’ नावाचा विषय पदवीच्या अभ्यासक्रमात आला आहे. त्यात आर्यभट शिकवा, जरूर शिकवा! ग्रहण राहू-केतूंमुळे लागत नाही, ते सावल्यांमुळे लागते, हे त्याने इसवी सन ४९९ च्या ग्रंथात सांगून ठेवले आहे. पण आर्यभटाच्या नावाने पाटी लावून आत पंचांग विकले जाईल, ही शंका निराधार नाही. २००१ साली विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम आणले गेले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धचे अपील फेटाळले. २०२१ साली इग्नूने ज्योतिषात एम.ए. सुरू केले. शेतकऱ्याच्या जन्मापासून मरणापर्यंत भटशाही त्याला कशी नाडते हे महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पहिल्याच प्रकरणात मांडले. मुहूर्त धरून बसल्यामुळे जमलेले लग्न हातचे घालवणाऱ्यांची गोष्ट नक्खत्त जातकात आहे. म्हणजे हा वाद आपल्या परंपरेत फार जुना आहे.

आणि या वादाचे उत्तर प्रकल्पाने देता येते. नारळीकर, सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी २०० कुंडल्या जमवल्या. शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. बरोबर उत्तरे निघाली सुमारे ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी याहून बरे जमले असते! हा निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. चार वर्षांनी दाभोलकरांचा खून झाला. असा प्रयोग संख्याशास्त्राचा कोणताही विद्यार्थी शहाद्यात करू शकतो.

मेघनाद साहांचे नाव आपल्या पोरांना माहीत आहे का? ढाक्याजवळच्या खेड्यातल्या, खालच्या मानलेल्या जातीतल्या छोट्या दुकानदाराचा हा मुलगा. कलकत्त्याच्या हॉस्टेलात सवर्ण विद्यार्थ्यांनी त्यांना पंक्तीतून दूर ठेवले. त्याच साहांनी १९२० साली ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान व घटना वाचण्याचे समीकरण दिले. ‘सगळे वेदांतच आहे’ म्हणणाऱ्यांची त्यांनी जाहीर खिल्ली उडवली. दामोदर नदीच्या पुराचा अभ्यास त्यांनी मांडला आणि मजूर मंत्री म्हणून बाबासाहेबांनी दामोदर खोरे योजनेला आकार दिला. भौतिकशास्त्राच्या वर्गात साहांचे समीकरण शिकवतात, पंक्ती मात्र सांगत नाहीत.

रोहित वेमुलालाही कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते. त्याने ते शेवटच्या पत्रात लिहिले. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. बरोबर एक महिन्याने, १७ फेब्रुवारीला, केंद्र सरकारने लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी दिली. ती वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला व्हायची आहे. तिथे आपली पोरे शास्त्रज्ञ म्हणून जाणार की फाटकावरचे रखवालदार म्हणून, हे आजच्या प्रकल्पाच्या वह्यांवर ठरणार आहे.

आणखी एक काम शहाद्याच्याच पोरांचे आहे. विदर्भातल्या गोंड, कोरकू, कोलाम समाजांचे आकाशज्ञान टाटा संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गावोगाव फिरून नोंदवले. सप्तर्षींच्या चार ताऱ्यांना तिथे खाट म्हणतात आणि उरलेले तीन ती चोरायला आलेले चोर! सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा म्हाताऱ्यांना काय दिसते? ते विचारायला बाहेरचा प्राध्यापक कशाला हवा? नातू आहे ना! मात्र आजोबा म्हणाले म्हणून ते डोक्यावर घ्यायचे नाही. अमुक तारा दिसला की पाऊस येतो असे ते म्हणाले तर तारीख लिहायची, पाऊस मोजायचा आणि चार वर्षांनी बोलायचे. भटाच्या पंचांगाला जो न्याय, तोच आजोबांच्या शब्दाला.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने दुसऱ्या वर्षाच्या फिल्ड प्रोजेक्टमध्ये आकाश निरीक्षणाचा विषय खुला करावा, गुणांची अट न घालता. तोपर्यंत आपल्या विद्यार्थी संघटनांनी वाट पाहू नये. मेच्या शेवटच्या आठवड्यात एके दिवशी दुपारी सूर्य शहाद्याच्या थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. कोल्हापूर शहाद्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे, दोघांच्या मध्यान्हात मिनिटभराचा फरक. त्याच वेळी तिथे एक मीटरच्या काठीची सावली दक्षिणेकडे साडेआठ सेंटिमीटर पडेल. त्यातून कोन निघतो पाच अंशांहून थोडा कमी, आणि दोन गावांतले सरळ अंतर आहे सुमारे ५४० किलोमीटर. यावरून पृथ्वीचा घेर काढता येतो, चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात एक पोरगी काठी धरून उभी, इकडे शहाद्यात एक पोरगा, मध्ये एक फोन. तारीख पोरांनी स्वतः गणित करून काढायची. जुलैच्या मध्यावर सूर्य पुन्हा एकदा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात. तेव्हा सुट्टी असली तरी मे महिनाच धरावा.