उचलीची बेडी

पाडव्याला सालगड्याचे साल ठरते आणि दसरा-दिवाळी सरली की कोयते बाहेर पडतात. नांदेड-लातूरकडील असंख्य भूमिहीनांचे आयुष्य या दोन मुहूर्तांना बांधलेले आहे. दोन्हीकडे आधी उचल, मग श्रम. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता; खाडा पडला की दंड. हंगामअखेर अंगावर बाकी राहिली, तर ती पुढल्या हंगामाच्या माथी. आणि याला नाव काय, तर राजीखुशीचा करार!

ही राजीखुशी तपासली पाहिजे. शिक्षेच्या धाकाने घेतलेले, स्वेच्छेने न दिलेले काम म्हणजे सक्तीचे श्रम, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३० च्या करारात केली. भारताने तो १९५४ साली स्वीकारला; त्याआधीच संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली होती. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली निःसंदिग्धपणे सांगितले की, दारिद्र्यामुळे किमान वेतनाहून कमी मजुरीत राबावे लागणे हीदेखील सक्तीच होय.

प्रत्येक उचल म्हणजे वेठ नव्हे. परंतु उचलीपायी काम सोडण्याचा, दुसरीकडे जाण्याचा हक्क हिरावला गेला, तर ती वेठच. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्जच रद्द केले आहे. ते वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार मजुरावर नव्हे, कर्ज देणाऱ्यावर आहे. जिल्ह्याच्या दक्षता समितीचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे आहे; मुक्त मजुरावर वसुलीचा दावा लागला तर बचाव करणे हे त्या समितीचे कर्तव्य आहे.

मग उणीव कशाची? कायद्याची नव्हे, तो मागणाऱ्या संघटित आवाजाची. मुक्ततेनंतरचे अनुदान आवश्यकच. पण माणूस वेठीला लागूच नये, ही खरी कसोटी. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात उचलीवाचून चूल पेटत नसेल, तर तो दोष मजुराचा नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी कोयते निघण्यापूर्वीच वाडी-तांड्यांवर पोहोचावे. कोणी, किती उचल, कोणत्या अटीवर घेतली, याची लेखी नोंद करावी. दक्षता समितीची बैठक घेण्याचा आग्रह धरावा आणि त्या नोंदी तिच्यापुढे ठेवाव्यात. गावातच किमान वेतनाचे काम मागावे. उचल नाकारण्याची ताकद मजुराला आली, तरच त्याचा होकार स्वेच्छेचा म्हणता येईल.