देवळापुढचे नाटक आणि दीड एकर जमीन

गोव्यात गावागणिक मराठी नाटक होते, हे आपण छाती फुगवून सांगतो. मीही सांगतो. हैदराबादला नल्लकुंट्यात साडूंकडे उतरलो होतो, तेव्हा त्यांच्या शेजारच्या निवृत्त तेलुगू मास्तरांनाही सांगितले. ते म्हणाले, "छान. पण नाटकांत असते काय?" मी म्हटले, "शिवाजी, संभाजी, द्रौपदी, सौभद्र." त्यांचा पुढचा प्रश्न, "आणि तुमच्या खाणी?"

मास्तरांच्या कपाटात केनियाच्या न्गुगी वा थिओंगो यांची कादंबरी तेलुगूत होती. न्गुगींनी ती तुरुंगात शौचालयाच्या कागदावर लिहिलेली, आणि वरवर रावांनी तिचा अनुवाद केला तोही तुरुंगातच!

न्गुगी आत गेले ते एका नाटकापायी. १९७७ साली लिमुरूजवळच्या कामिरिथू गावात शेतमजुरांनी आणि कारखान्यातल्या कामगारांनी दोनेक हजार माणसे बसतील असे उघडे नाट्यगृह स्वतः बांधले. नाटक त्यांच्याच गिकुयू भाषेत. तालमी सगळ्यांसमोर. संवाद खोटा वाटला तर गावकरी दुरुस्त करीत. गोष्ट एवढीच, की एका गरिबाची दीड एकर जमीन श्रीमंत माणूस कारखान्यासाठी कशी गिळतो. दीड महिन्यात परवाना रद्द झाला, वर्ष संपता संपता न्गुगी खटल्याविना कोठडीत. १९८२ मध्ये सरकारने ते नाट्यगृहच पाडून टाकले.

आता आपले पाहा. डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या खाणींनी शेते गाळाने भरली. २०१२ साली खाणी बंद पडल्या, ट्रकवाल्यांची घरे कर्जात बुडाली. दोन्ही बाजूंना रडणारी माणसे, नाटकाला आणखी काय हवे? पण इतक्या वर्षांत जत्रेच्या मंडपात मला तरी असे नाटक दिसले नाही. स्पर्धेसाठी कोणी लिहिते, ते परीक्षकांपुरते होते आणि ट्रंकेत जाते. तिकडे तियात्रात कांतारकार मंत्र्याला सोलून काढतो, लोक तिकीट काढून ऐकतात, आणि आपण त्याला हलके लेखतो. (मी पडलो सरकारी कारकून, मंत्र्यांची नावे घेणार नाही.)

"देवासमोर राजकारण नको," असे उत्तर येते. खाडिलकरांचे 'कीचकवध' पौराणिकच होते ना? १९०७ साली लोकांना त्या कीचकात कर्झन दिसला, आणि १९१० साली इंग्रजांनी नाटकावर बंदी घातली. तेव्हा पुराणाला दोष देऊ नका. अडते ते दुसरीकडेच. पुढच्या जत्रेत मंडपाच्या कमानीवर देणगीदार म्हणून कोणाचे नाव रंगवले आहे, तेवढे वाचून या.