दुष्काळ पाहिलेली बाई
देवाचं आपल्यावर प्रेम आहे, हे सुकाळात म्हणणं सोपं. पंडिता रमाबाईंचे आई, वडील आणि बहीण दुष्काळात गेले. पुढं लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच पतीही वारले. १८८३मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण मनाला शांती लाभायला पुढं आणखी काही वर्षं जावी लागली, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. (आपल्या साक्षींत हा मधला काळ हमखास गाळला जातो!) १८९६-९७च्या दुष्काळात हीच बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुलींना घेऊन आली. त्यांना केडगावात घर मिळालं. १९२१मध्ये लेक मनोरमा गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम रमाबाईंनी सोडलं नाही.

या अंकात वाचकांनीही आपल्या अशाच मधल्या काळाविषयी, अजून उत्तर न मिळालेल्या प्रार्थनांविषयी लिहिलंय. एकाही पत्राचा शेवट आम्ही गोड केलेला नाही.