पुन्हा शाळेत आलेल्या मुलांच्या मनःस्थितीबाबत निवेदन

दि. १८ ऑक्टोबर २०२१

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद

विषय : आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी समुपदेशनाची सोय व मूल्यमापनाबाबत स्पष्ट सूचना मिळणेबाबत.

महोदय,

४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागातील शाळा भरू लागल्या. मुले आली, हजेरीपटही भरला. पण वर्ग गप्प आहे. पूर्वी ज्याला बाकावर बसवणे कठीण जायचे, तो मुलगा आता नाव पुकारले तरी आधी शेजाऱ्याकडे बघतो. रोज तिसऱ्या तासाला एकीच्या पोटात दुखते. डॉक्टरांना दाखवले, काही निघाले नाही.

या धास्तीची काही कारणे आमच्या व्यवस्थेतच आहेत. यंदा दहावीची परीक्षा रद्द झाली आणि निकालात पन्नास गुण नववीच्या निकालावरून धरले गेले. नववीत हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. ते पाहिलेली आताची मुले वीस गुणांच्या घटक चाचणीलाही विचारतात, "सर, हे मार्क पुढं धरणार का?" आमच्याकडे उत्तर नाही. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ते लेखी मिळावे, आणि तोवर जादा चाचण्या लावण्याचा आग्रह नसावा, ही पहिली मागणी.

दुसरी गोष्ट लिहिताना संकोच वाटतो, कारण ती आमच्याच हातून घडली. पालक गमावलेल्या मुलांची माहिती तातडीने मागवली गेली. उद्देश चांगला होता, बालसंगोपन योजनेचा लाभ त्यांना मिळायलाच हवा. पण घाईत एका वर्गात विचारले गेले, "ज्यांचे वडील कोरोनात गेले, त्यांनी हात वर करा." दोन हात वर झाले. तिसरा मुलगा खाली मान घालून बसला. त्याचे नाव नंतर त्याच्या आईकडून कळले. अशी माहिती यापुढे वर्गात न विचारता पालकांशी खासगीत बोलूनच घ्यावी आणि एकदा घेतलेली पुन्हा मागू नये, असे परिपत्रक काढावे.

जुलै-ऑगस्टमध्ये पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम झाला, तीन चाचण्याही झाल्या. तो सगळा विषयांचा होता. भावनांचे समायोजन आणि ताणतणावाचे समायोजन ही जीवनकौशल्ये आम्ही अध्यापक विद्यालयात पाठ केली, परीक्षेत लिहिली. मुलाला नेमकी भीती कशाची वाटते हे त्याच्याकडून कसे वदवून घ्यावे, ते मात्र कोणी शिकवले नाही. वर्गशिक्षकांना याचे दोन दिवसांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यावे. वेबिनार नको, कॅमेरा बंद ठेवून आम्ही काय करतो, ते आपणही जाणता.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे. दहा ते एकोणीस वयोगटाचे मानसिक आरोग्य त्याच्या कक्षेत येते. पण त्याअंतर्गत रुग्णालयात समुपदेशक बसले, तरी आमच्या मुली तिथे जाणार नाहीत. गावातले कोणीतरी बघेल ही भीती आजारापेक्षा मोठी असते. म्हणून आरोग्य विभागाशी बोलून समुपदेशकांनीच महिन्यातून दोन ठरलेल्या दिवशी शाळेत यावे, अशी व्यवस्था करावी. खोली आम्ही देऊ. तिच्यावर पाटी लावणार नाही.

सोबत पालकांच्या सह्यांची यादी जोडली आहे. याबाबत चर्चेसाठी वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
पालक-शिक्षक संघाचे पदाधिकारी व वर्गशिक्षक