राजवाड्याचे दिवे आणि दोनशे मेगापिक्सेलची भूल

म्हैसूरला पोस्टिंग येऊन आता दोन वर्षं होतील. एनसीसीचा पीआय स्टाफ म्हणून आलो, त्यामुळे दिवसभर कॅडेट, ड्रिल आणि परेड ग्राउंड. पण इथे मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न ड्रिलचा नाही. "उस्ताद, प्रोफेशनल फोटो-व्हिडिओसाठी कुठला फोन घेऊ?" कॅडेट विचारतात, कँटीनच्या रांगेत पेन्शनर विचारतात, गावाकडून पाहुण्यांचे फोन येतात. पलटणीत बडा खान्याचे आणि रेझिंग डेचे फोटो मी काढायचो, एवढाच माझा अधिकार. तरी आज स्पष्ट लिहितो. हा प्रश्नच चुकीचा आहे आणि तो जाहिरातवाल्यांनी आपल्या तोंडी घातला आहे.

लिहायला कारण झाले अण्णा. माझ्याच पलटणीतले, मला सीनियर. हवालदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा मुलं अजून शाळेत. लग्नाच्या शूटिंगचा धंदा करायचं ठरवलं आणि कम्युटेशनच्या पैशातून नवा फोन घेतला, खोक्यावर ठळक अक्षरात 200 मेगापिक्सेल लिहिलेला. पहिली ऑर्डर म्हैसूरचीच मिळाली. विट्याकडून येऊन इथे स्थायिक झालेलं गलाईवाल्यांचं घर, मुलीचं लग्न. आदल्या दिवशी अण्णांनी मला विचारलं, "एवढ्यावर भागेल ना रे?" मी म्हणालो, "अण्णा, नवा कोरा फोन आहे, भागून जाईल." ही माझी चूक, आणि ती मी इथे कबूल करतो.

भागलं नाही. मांडवातल्या एलईडी माळांमुळे व्हिडिओभर काळे पट्टे सरकत राहिले. मागच्या अंधाऱ्या रांगेतल्या आज्या-मावश्यांचे चेहरे मेणाचे झाले. मुलीचे वडील बोलताना रडले, पण ऐकू येतो तो फक्त बँड. आणि मंगलाष्टकं संपायच्या सुमारास फोन तापून बंद पडला. अक्षता परत पडत नाहीत. अण्णांनी उरलेले पैसे स्वतःहून नाकारले. वीस-बावीस वर्षं वर्दीत मान खाली न घातलेला माणूस त्या मांडवातून खाली मान घालून निघाला.

आता त्या आकड्याचं बघू. 4के व्हिडिओची एक चौकट 3840 गुणिले 2160 ठिपक्यांची, म्हणजे 83 लाखांच्या आसपास. सव्वाआठ मेगापिक्सेल! व्हिडिओवाल्याला दोनशेचा उपयोग काय? फोटोतही 200 मेगापिक्सेलचा सेन्सर बहुतेक वेळा सोळा-सोळा ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, कारण एकेक ठिपका इतका बारीक असतो की त्यावर पुरेसा उजेडच पडत नाही. उजेड झेलतो तो सेन्सरचा आकार. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर 36 गुणिले 24 मिलिमीटरचा. फोनमधला ज्याला मोठ्या कौतुकाने 'एक इंची' म्हणतात तो 13.2 गुणिले 8.8 चा, म्हणजे क्षेत्रफळाने सातव्या हिश्शाच्या जवळपास. बाकीचे बहुतेक फोन त्याहूनही लहान. हे खोक्यावर कोणी ठळक छापत नाही.

झूमचंही तेच. 100 एक्स म्हणजे बहुतांशी काढलेला फोटो कापून ताणणं. दसऱ्याच्या जंबो सवारीत हत्तीच्या पाठीवर 750 किलोची सोन्याची अंबारी असते. बॅरिकेडमागून असल्या झूमने काढलेले तिचे फोटो कॅडेट मला दाखवतात. पिवळा ठिपका दिसतो, अंबारी दिसत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "उस्ताद, फोनवर अख्खे सिनेमे झालेत." झालेत ना! विशाल भारद्वाज यांनी 2023 मध्ये 'फुर्सत' आयफोन 14 प्रोवर केला. त्याआधी 2015 मध्ये शॉन बेकर यांचा 'टँजरीन' आयफोन 5एसवर चित्रित होऊन सनडान्सला गाजला. पण 5एसचा कॅमेरा आठ मेगापिक्सेलचा होता! त्या मंडळींनी आकडा वाढवला नाही. फोनवर वेगळी लेन्स चढवली, हात स्थिर ठेवणारं साधन घेतलं, शटर-फोकस हातात देणारं अ‍ॅप वापरलं, आवाज वेगळा घेतला. त्यांचं उदाहरण देऊन दोनशे मेगापिक्सेल विकणारा माणूस अर्धीच गोष्ट सांगतो.

आपल्याला तर हे कळायला हवं. रेंजवर ज्याचं ग्रुपिंग विस्कटलंय त्याला उस्ताद नवी रायफल देत नाही. पोझिशन, श्वास, ट्रिगर आणि झीरोइंग तपासतो.

म्हणून प्रश्न असा विचारा: माझं सगळ्यात अवघड काम कोणतं? अंधारात, हलत्या माणसांचं, सलग अर्ध्या तासाचं? त्या कामाला जो टिकेल तो फोन. व्हिडिओत शटर आणि फ्रेम आपल्या हाताने बांधता आले पाहिजेत. आपली वीज 50 हर्ट्झची, तिच्यावरचे साधे एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवलं तर बहुतेक ठिकाणी पट्टे जातात. अण्णांचा फोन ऑटोवर होता. जागा पुरेशी हवी; आयफोनवर 4के प्रोरेसचं एक मिनिट सुमारे 6 जीबी खातं. आणि सगळे पैसे फोनवर उधळू नका. माझं मत विचाराल तर नव्या मधल्या दर्जाच्या फोनपेक्षा दोन वर्षं जुना पण वरच्या दर्जाचा घ्या. वाचलेल्या पैशात कॉलर माइक, ट्रायपॉड, एक दिवा आणि पॉवर बँक. लग्नघर एखादा धूसर फोटो माफ करतं, बापाचा हरवलेला आवाज माफ करत नाही.

आणि घेण्याआधी चाचणी करा. म्हैसूरकरांना तर घरचीच रेंज आहे. दर रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर सुमारे एक लाख दिवे लागतात. ज्याच्याकडे तो फोन आहे अशा मित्राला घेऊन जा. दिवे लागल्यावर प्रत्येक दिवा सुटा दिसतो की सगळा राजवाडा पांढरा गोळा होतो? वरचं आकाश काळं राहतं की दाणेदार? समोरून चालणारं पोर धूसर होतं का? अर्धा तास सलग रेकॉर्ड करा, फोन हाताला किती तापतो बघा. मग घरी येऊन मोठ्या पडद्यावर लावा. दुकानातल्या झगझगीत उजेडात प्रत्येक फोन हिरो असतो.

मागच्या रविवारी अण्णा तिथे माझ्यासोबत होते. फोन तोच, दोनशेवाला. शटर बांधलं, ट्रायपॉड लावला, शर्टाला माइक टोचला. राजवाडा बरा आला, पोरं थोडी धूसर आली. अण्णा म्हणाले, "हे आधी सांगितलं असतंस तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या घरी बारसं ठरलं की फुकट शूटिंग करून देणार म्हणतात. मी माइक धरायला जाणार आहे.

जय हिंद.

ता.क. जे अजून वर्दीत आहेत त्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन आजच बंद करावं. फोटो कितीही प्रोफेशनल असो, आपली जागा त्याने कोणाला सांगता कामा नये.