औषधचिठ्ठीवर आहारही लिहावा

जुन्नरच्या लोलिंबराजाने 'वैद्यजीवन' ग्रंथात पथ्याविषयी जे सांगितले, ते आपल्यापैकी बहुतेकांना विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत असते. प्रत्यक्ष चिकित्सालयात मात्र पथ्याचा उपदेश 'तेलकट, तिखट, आंबट टाळा' एवढ्यावरच संपतो. काय टाळावे हे रुग्णास कळते. काय, किती आणि कशासोबत खावे हे कळत नाही. या उणिवेकडे आम्ही व्यवसायबंधूंचे व औषधविक्रेत्यांचे लक्ष वेधू इच्छितो.

उदाहरणादाखल लेण्यांमुळे सर्वश्रुत असलेले मावळातील भाजे घेऊ. लोहगड-विसापूरच्या पायथ्याचा हा प्रदेश पावसाचा आणि भातखाचरांचा. आंबेमोहोराच्या संकरातून सिद्ध झालेला इंद्रायणी तांदूळ याच तालुक्यात, वडगावच्या संशोधन केंद्रात निघाला. भात हे येथील सात्म्य अन्न. त्याची निंदा करण्याचे काहीच कारण नाही. प्रश्न ताटात भाताच्या जोडीला काय उरले, हा आहे. नाचणी-वरई मागे पडल्या, वरण पातळ झाले आणि न्याहारीच्या जागी चहा-बिस्किट आले, तर केवळ भाताने शरीराची गरज भागत नाही.

हिशेब सोपा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढास वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलो वजनाच्या स्त्रीस ही गरज सुमारे ४२ ग्रॅम होते. दिवसभरात ३५० ग्रॅम तांदूळ पोटात गेला, तर सुमारे २७ ग्रॅम मिळतात. उरलेली तूट ५० ग्रॅम डाळ आणि एक पेला दूध भरून काढतात. शिवाय तांदळात जे घटक उणे, ते डाळीत अधिक असल्याने वरणभाताची जोडी एकमेकांस पूरक ठरते. लोहाची स्थिती अधिक बिकट आहे. याच स्त्रीस रोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. सडलेल्या तांदळातून जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या, यात नवल ते काय?

अशा रुग्णेस पुनर्नवामंडूर अथवा धात्रीलोह अवश्य द्यावे. परंतु ताट तसेच राहिले, तर औषध थांबताच पांडुता परतण्याचा संभव राहतो. धात्रीलोहात आवळ्याची योजना आहे. आवळ्यातील 'क' जीवनसत्त्वाने अन्नातील लोहाचे शोषण वाढते, हे आधुनिक शास्त्रही सांगते. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा हे शोषण घटवतो. ही दोन वाक्ये चिठ्ठीवर लिहिण्यास खर्च येत नाही.

ग्रॅम-मिलिग्रॅमची भाषा आपल्या शास्त्राची नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल. तो आम्हांस मान्य नाही. चरकाने आहाराच्या अष्टविध आयतनांत राशीला स्वतंत्र स्थान दिले आहे. त्याने नित्यसेवनीय म्हणून सांगितलेल्या द्रव्यांत शाली, मूग, यव, आमलक, दूध व तूप ही सारी एकत्र येतात. धान्य, डाळ, फळ, दूध आणि स्नेह यांचा हा मेळ म्हणजेच समतोल आहार होय. अग्नी, देश व काल पाहून मात्रा कमी-अधिक करणे हे वैद्याचे काम. परंतु त्यासाठी आधी मात्रा ठाऊक असावी लागते.

मावळातील वैद्याने तेथील भाषेतच लिहावे: एक वेळ नाचणीची भाकरी, दोन्ही वेळा घट्ट वरण, पावसाळ्यात टाकळा-कुरडूची भाजी, हंगामात आवळा-करवंदे, सामिष आहार घेणाऱ्यास सुकट. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळात दहाही नसते.

दोन मर्यादा मात्र पाळाव्यात. फिकटपणा दिसल्यास रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे व तीव्र रक्तक्षयात रुग्णालयात पाठविण्यास विलंब करू नये. गर्भिणीच्या शासकीय लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या आपल्या औषधासाठी बंद करू नयेत.

औषधविक्रेत्यांनीही महागड्या प्रथिनचूर्णाचा डबा पुढे करण्यापूर्वी घरी डाळ किती शिजते, हे विचारावे. डब्याची विक्री कदाचित घटेल. पण ग्राहकाचा विश्वास टिकेल, आणि आपला व्यवसाय त्याच भांडवलावर उभा आहे.